‘साहेब, चुकतंय’ म्हणायचं कुणी?

आग्रही : आपल्या छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. सगळे तिला एसपीआय म्हणतात. महाराष्ट्रातून जवान पुष्कळ जातात, अधिकारी मात्र थोडे, ही खंत होती. म्हणून राज्य सरकारनं दहावी झालेली हुशार मुलं निवडायची आणि अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत त्यांना एनडीएसाठी तयार करायचं, असं ठरवलं. संस्थेला अर्धशतक होत आलं. तिच्या पहिल्या तुकड्यांतली मुलं आता निवृत्तीच्या पलीकडे गेली. सतराव्या वर्षी पोराला घडवून पाठवायची व्यवस्था या शहरात उभी राहिली. पण तोच मुलगा पंचेचाळिशी-पन्नाशीत परत आला, तर त्याला कुठं सामावून घ्यायचं, याचा विचार कुणी केला? त्यातही वैमानिक. एका लढाऊ वैमानिकाला तयार करायला देश किती वर्षं, किती इंधन, किती शिक्षक खर्ची घालतो! आणि तो बाहेर पडला की २६ जानेवारीला बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं आणि मोकळं व्हायचं. ही सरळसरळ नासाडी आहे. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत, महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनात, शाळा-महाविद्यालयांत या लोकांना जागा मिळायला हवी.

साशंक : तुमची कळकळ समजते, पण तुम्ही दोन गोष्टी एकत्र करता आहात. विमान उडवण्यातलं कौशल्य आणि आयुष्यातलं शहाणपण. वैमानिकाचा हातखंडा एका विशिष्ट यंत्राशी, एका विशिष्ट शिस्तीशी जोडलेला असतो. यंत्र गेलं की त्यातलं बरंच काही जातं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. ६२ वर्षं ते सेवेत होतं. आपल्या शेजारच्या नाशिकला, ओझरच्या कारखान्यात ती विमानं तयार झाली. वैमानिकांच्या कितीतरी पिढ्यांच्या हातांना त्या विमानाच्या खोडी ठाऊक होत्या. ते ज्ञान खरं होतं, जिवावर उदार होऊन मिळवलेलं होतं, आणि आज त्याचा उपयोग कुणालाच नाही. अशा माणसाला महापालिकेत बसवून काय साधणार? उलट तो आपल्या हुद्द्याची सवय घेऊन येतो. हुकूम दिला की तामिली होते, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सोसायटीच्या सभेत, कारखान्याच्या मजल्यावर तो पीळ लोकांनाही काचतो आणि त्यालाही. तुम्ही त्याला कामाला लावायचं म्हणता, पण मला त्यात मखरात बसवण्याचीच दुसरी तऱ्हा दिसते.

आग्रही : हाताचं कौशल्य विमानाबरोबर जातं, हे मान्य. पण वैमानिकाचं खरं शिक्षण हातात असतं कुठं? सॉर्टी संपते, विमान उभं राहतं, आणि मग डीब्रीफ सुरू होतं. नोंदलेली चित्रफीत लावतात, फळ्यावर चाली काढतात, कोण कुठं होतं आणि कुठं असायला हवं होतं ते सेकंदा-सेकंदानं तपासतात. चांगल्या स्क्वाड्रनमध्ये हुद्दा त्या खोलीच्या बाहेर ठेवतात. सगळ्यात अनुभवी माणूस आधी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे नवख्याला आपली सांगायला भीती वाटत नाही. उड्डाणाआधी चेकलिस्ट, हजारो तास उडालेला माणूसही ती पाठ आहे म्हणून सोडत नाही. दरवर्षी वैद्यकीय तपासणी, दरवर्षी परीक्षा. पंचवीस वर्षं रोज स्वतःला तपासून घेणारी दुसरी किती माणसं आपल्याकडे आहेत? डॉक्टर? प्राध्यापक? नगरसेवक? मला त्या खोलीतली सवय या शहरात यायला हवी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचं नाव ज्यांनी मोठं केलं, ते एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी २०२१ ते २०२४ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते. मराठवाड्याच्या मातीत अशी माणसं निपजतात. त्यांनी इथून काय नेलं याचा अभिमान आपण बाळगतो. ती काय घेऊन परत येऊ शकतात, हे विचारत नाही.

साशंक : तुम्ही त्या खोलीबद्दल जे सांगता ते खरं असेल, तर मला कोझिकोडबद्दल बोलावं लागेल. बोलताना जड जातं, पण टाळता येत नाही. ७ ऑगस्ट २०२०, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७. कॅप्टन होते दीपक साठे. हवाई दल अकादमीतली मानाची तलवार मिळवलेले, लढाऊ विमानं उडवलेले, पुढे टेस्ट पायलट झालेले. त्यांच्याहून चांगली पार्श्वभूमी कुणाची दाखवाल? डोंगरमाथ्यावरची टेबलटॉप धावपट्टी, पाऊस, पाठीमागून वारा. जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे पडल्यावर चाकं टेकली. सहवैमानिकानं ‘गो अराउंड’ म्हटलं होतं, म्हणजे विमान परत वर घ्या. तसं झालं नाही. विमान टोकावरून खाली कोसळलं आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. २०२१ च्या चौकशी अहवालानं ठरवून दिलेली पद्धत पाळली गेली नाही, हे संभाव्य कारण दिलं. तुमची डीब्रीफची सवय तिथं कुठं होती?

आग्रही : ती होती. त्याच संध्याकाळी, त्याच विमानतळावर, पहिल्या प्रयत्नात त्यांनीच विमान परत वर घेतलं होतं, हे विसरू नका. आणि अहवाल पूर्ण वाचा. कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच त्यांचं पुढचं उड्डाण ठरलेलं होतं; दुसरीकडे उतरलं असतं तर ते कोलमडलं असतं, आणि तिथं कॅप्टन पुरेसे नव्हते. व्यवस्थेतल्या उणिवांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असं तपास करणाऱ्यांनीच म्हटलं आहे. महामारीच्या दिवसांत अडकलेली माणसं घरी आणण्याचं ते काम होतं. गेलेल्या माणसावर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं असतं.

साशंक : मी त्यांच्यावर काहीच ढकलत नाही. उलट माझं म्हणणं असं की इतक्या मोठ्या तोलामोलाच्या माणसाच्या बाबतीतही हे घडू शकतं, तर नुसत्या पार्श्वभूमीवर भरवसा ठेवणं धोक्याचं आहे. आणि याच्या दहा वर्षं आधीचं मंगळूर आठवा. २२ मे २०१०, तीच कंपनी, त्याच प्रकारचं विमान, तशीच टेबलटॉप धावपट्टी. १६६ पैकी १५८ जण गेले. त्या अपघाताच्या चौकशी न्यायालयाचे प्रमुख कोण होते? हवाई दलाचे माजी उपप्रमुख, एअर मार्शल भूषण गोखले. आपलेच मराठी, निवृत्त लढाऊ वैमानिक.

आग्रही : हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. निवृत्त सैनिकी वैमानिकाचा याहून चांगला उपयोग कोणता? मंगळूरचे कॅप्टन भारतीय हवाई दलातले नव्हते. पण त्यांची चूक कुठं झाली हे शोधायला हवाई दलात घडलेली नजर लागली. विमान नीट बेतानं येत नव्हतं, सहवैमानिकानं तीनदा परत वर घ्या म्हटलं, यंत्रानं वारंवार इशारे दिले, तरी उतरण्याचा हट्ट सोडला गेला नाही, असं त्या न्यायालयानं स्वच्छ लिहिलं. डीब्रीफच्या खोलीत जसं बोलतात तसंच, कुणाची भीड न ठेवता.

साशंक : आणि लिहूनही काय झालं? २०१० मध्ये एका निवृत्त मराठी वैमानिकाच्या अध्यक्षतेखाली धडा लिहिला गेला: सहवैमानिक सांगत असेल तर ऐका. २०२० मध्ये दुसऱ्या निवृत्त मराठी वैमानिकाच्या विमानात तोच धडा पुन्हा लिहावा लागला. म्हणजे कमतरता ज्ञानाची नव्हती. ज्ञान छापील होतं, प्रत्येक कॉकपिटपर्यंत पोचलेलं होतं. कोझिकोडच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. सहवैमानिकानं ‘गो अराउंड’ म्हटलं, पण नियंत्रण स्वतःच्या हाती घेतलं नाही, याचीही तिथं नोंद आहे. अशा वेळी ते घ्यावं अशी अपेक्षा असते. आता सांगा, आपल्या समाजात वाढलेला बत्तीस वर्षांचा तरुण, शेजारी मानाची तलवार मिळवलेला, आपल्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठा माणूस बसलेला असताना, त्याच्या हातातलं विमान काढून घेईल? घरात वडिलांना ‘बाबा, तुमचं चुकतंय’ म्हणायला ज्याची जीभ रेटत नाही, तो कॉकपिटमध्ये ते कुठून आणणार? तुम्ही निवृत्त वैमानिकाला जितकं मोठं कराल, तितकं शेजारच्या माणसाचं बोलणं अवघड होईल. माझी खरी तक्रार ही आहे.

आग्रही : तुमचं हे बोलणं मला लागलं, कारण ते खरं आहे. पण त्यातून दोन वाटा निघतात. एक, मोठेपण कमी करा. दुसरी, मोठेपण कशाला म्हणायचं ते बदला. आपल्याच शहराला हे नवं नाही. २६ एप्रिल १९९३. चिकलठाण्याहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि मग विजेच्या तारांना. ११८ पैकी ५५ जण गेले. त्या पिढीतल्या माणसाला विचारा, रस्त्यावर विखुरलेला कापूस आजही सांगतो. चौकशीत काय निघालं? एक, वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं. दोन, उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक आवरण्यात विमानतळाची जबाबदारी असलेली यंत्रणा कमी पडली. माणूस आणि व्यवस्था, दोघांची नावं एकाच पानावर. आपल्याकडे मात्र बोलताना एकाचंच नाव घ्यायची खोड आहे. निवृत्त वैमानिकाकडून मला हीच गोष्ट शिकायची आहे: दोष वाटून टाकायचा नाही आणि एकाच्या डोक्यावरही ठेवायचा नाही, तर घटना टप्प्याटप्प्यानं उलगडायची. जालना रोडवर रोज अपघात होतात. त्यातल्या एकाचं तरी असं डीब्रीफ आपण करतो का?

साशंक : करत नाही, आणि व्हायला हवं. पण एक विचारतो. या सगळ्यात त्या माणसाला काय हवं आहे, हे तुम्ही कुठं विचारलंत? तो आला रे आला की शाळेत बोलव, कारखान्यात बोलव. अहो, त्याच्या अंगावर काय काय गेलंय ते बघा. वळण घेताना स्वतःच्याच वजनाच्या सात-आठ पट भार मानेवर-पाठीवर वर्षानुवर्षं पडतो. एखाद्याला आसनासकट बाहेर फेकलं जावं लागलं असेल, तर मणक्याला मार बसलेला असतो. कुणाचे कान गेलेले, कुणाची वैद्यकीय श्रेणी खाली आल्यामुळे चाळिशीतच उडणं बंद झालेलं. बायकोनं दर दोन-तीन वर्षांनी संसार ट्रंकांत भरला आणि उघडला, स्वतःची नोकरी सोडली. आणि पैशाचं गणित बघा. साधारण बाविसाव्या वर्षी कमिशन, वीस वर्षं झाली की पेन्शनचा हक्क, म्हणजे बेचाळिशीत बाहेर पडता येतं. नागरी विमान पासष्टीपर्यंत उडवता येतं. वीस-बावीस वर्षांची दुसरी नोकरी समोर असताना तो इथं कशाला येईल? तो पुण्याला राहील, बंगळुरूला राहील, दिल्लीकडे जाईल. दोनदा महावीर चक्र मिळवणारे विंग कमांडर जगमोहन नाथसुद्धा हवाई दल सोडून एअर इंडियाची विमानं उडवायला गेले आणि मुंबईत राहिले. आणि शॉर्ट सर्व्हिसवाल्यांचं काय? १४ वर्षांनी बाहेर, पेन्शन नाही. हवाई दलातल्या कितीतरी मुली याच वाटेनं वैमानिक झाल्या. पस्तिशीत-छत्तिशीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यांना शहराची सेवा करा म्हणायला आपल्याला तोंड आहे का?

आग्रही : तोंड नाही, हे कबूल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, छावणीत उपचारांची सोय आहे, पुनर्वसनाचे अभ्यासक्रम आहेत. पण ते सगळं कागदपत्रांपुरतं आणि दुखण्यापुरतं. मी ज्या सामावून घेण्याबद्दल बोलतोय ते या कार्यालयांकडून होणार नाही. तरीही माणसाला फक्त आराम आणि पगार हवा असतो, असं मला वाटत नाही. त्याला आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत, हे हवं असतं. ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात गेले. १९७१ च्या युद्धात त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं, ते रावळपिंडीच्या युद्धबंदी छावणीत होते आणि ऑगस्ट १९७२ मध्ये मलविंदर सिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी यांच्याबरोबर भिंत फोडून निसटले. लोकांनी त्यांना ती गोष्ट आयुष्यभर विचारली.

साशंक : आणि कोणता भाग विचारला? भिंत फोडल्याचा. पकडले कसे गेले, ते किती जणांना ठाऊक आहे? अफगाण सरहद्द काही मैलांवर राहिली होती. लंडी कोतलला त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. जुन्या नकाशात लंडी खाना हे रेल्वेचं शेवटचं ठाणं होतं. पण तिथली गाडी १९३२ मध्येच बंद झालेली. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या ठाण्याची चौकशी करणारे कोण हे, म्हणून संशय आला. धाडस, तयारी, शिस्त, सगळं होतं. नकाशा तेवढा जुना होता. मला तर निवृत्त माणसाची मुख्य अडचण हीच दिसते. त्याच्याकडे जग समजून घेण्याचा उत्तम नकाशा असतो, पण तो ज्या जगाचा आहे ते बदललेलं असतं.

आग्रही : पण ही चूक आपल्याला कळली कशी? त्यांनीच सांगितली म्हणून. परुळकर आणि त्यांच्या सोबत्यांनी पकडलं जाण्याची गोष्ट लपवली नाही. नकाशा जुना असणं हे दुर्दैव. तो जुना होता हे सांगता येणं ही कमाई. निवृत्त वैमानिकाकडून आपण घ्यायचं ते हेच.

साशंक : घ्यायला आपण तयार आहोत का? मी एका शाळेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. एक निवृत्त वैमानिक बोलायला आले होते. मुलांनी विचारलं, ‘सर, शत्रूची किती विमानं पाडली?’ ते म्हणाले, ‘एकही नाही. मी तुम्हाला परत फिरलो त्या दिवसाबद्दल सांगतो.’ आणि ढगांमुळे लक्ष्य नीट दिसलं नाही म्हणून सगळी शस्त्रं तशीच घेऊन ते कसे परत आले, इंधन किती उरलं होतं, सोबतच्या कनिष्ठ वैमानिकानं रेडिओवर आधी ‘परत फिरू या’ म्हटलं आणि त्यांना क्षणभर राग कसा आला, हे त्यांनी फार बारकाईनं सांगितलं. मी ऐकत राहिलो. पण मुलांची चुळबुळ सुरू झाली. सूत्रसंचालक बाईंनी हळूच चिठ्ठी पुढे केली, ‘देशभक्तीवर दोन शब्द’. ते दोन शब्द ते बोलले, टाळ्या पडल्या. त्या सभागृहात शिकण्यासारखं जे होतं ते त्या दोन शब्दांच्या आधीच होऊन गेलं होतं, आणि आम्ही ते चिठ्ठी देऊन थांबवलं. तेव्हापासून मला वाटतं, आपण त्यांना बोलावूच नये. निदान त्यांना त्यांच्याच तोंडून स्वतःला खोटं पाडायला तरी लावू नये.

आग्रही : माझा निष्कर्ष नेमका उलटा. चिठ्ठी देणाऱ्यांना बदलायला हवं. एसपीआयपासूनच सुरुवात करता येईल. तिथल्या सगळ्याच मुलांची एनडीएत निवड होत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी एसएसबीच्या निवडचाचणीतून परत आलेल्या मुलाला शूरवीरांच्या गोष्टी सांगून काय होणार? त्याला गरज असते ती ज्याला ‘परत फिरणं’ ठाऊक आहे अशा माणसाची. कुठं चुकलं, काय हातात होतं, काय नव्हतं, पुढचा प्रयत्न कसा करायचा, हे शांतपणे उलगडून दाखवणाऱ्याची. तुम्ही ऐकलेलं ते भाषण त्या मुलांपुढे झालं असतं, तर चुळबुळ झाली नसती.

साशंक : हे मला पटतं. पहिल्यांदाच तुम्ही त्या माणसाच्या हुद्द्याऐवजी त्याच्या माघारीबद्दल बोललात. पण मग प्रश्न अधिक टोकदार होतो. ज्या वैमानिकानं रेडिओवर कनिष्ठाचं ऐकलं, त्यानं ते ऐकलं कारण तो कनिष्ठही वैमानिकच होता. एकाच गणवेशातला, एकाच भाषेत बोलणारा. तोच माणूस निवृत्त होऊन इथं आला, आणि वाळूजच्या कारखान्यातल्या आयटीआय झालेल्या फिटरनं त्याला म्हटलं, ‘साहेब, चुकतंय’, तर तो ऐकेल? आणि त्याआधीचा प्रश्न : तो फिटर म्हणेल? मंगळूर आणि कोझिकोडला सांगणारे होते, तरी सांगणं पुरलं नाही. आपल्या शहरात तर सांगणाराच उभा राहत नाही.

आग्रही : म्हणून तर मला तो माणूस हवा आहे. हुद्दा बाहेर ठेवण्याची खोली त्यानं पाहिलेली आहे. आपण पाहिलेलीच नाही.

साशंक : पाहिलेली आहे, पण ती त्यानं बांधलेली नाही. ती स्क्वाड्रननं बांधली होती. तिच्यामागे नियम होते, वरिष्ठांचा धाक होता, आणि न ऐकण्याची किंमत जिवानं मोजलेली होती. एकट्या माणसाला ती खोली ट्रंकेत भरून आणता येत नाही.

आग्रही : मग ती इथं कुणीतरी पुन्हा बांधायला हवी. आणि ती बांधायची तर पहिली चूक कुणीतरी मोठ्यानं सांगावी लागेल. स्क्वाड्रनमध्ये ती सगळ्यात अनुभवी माणूस सांगतो.

साशंक : स्क्वाड्रनमध्ये त्याला ठाऊक असतं की चूक सांगितल्यानं त्याचा मान कमी होणार नाही. या शहरात त्याला तशी खात्री कोण देणार? ज्यांनी त्याला शाल दिली, ते त्याची चूक ऐकल्यावर पुढच्या वर्षी बोलावतील का? तुम्ही म्हणता त्यानं आधी बोलावं. मी म्हणतो आपण आधी ऐकायला शिकावं. दोघांपैकी एकानं सुरुवात केल्याशिवाय दुसऱ्याला करता येत नाही, आणि आज दोघंही समोरच्याची वाट बघत आहेत.